वाऱ्याच्या अंगाला

मुळशीचा वारा एका जागी राहत नाही. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे अशा दोन नावांत किनाऱ्याचा हिशेब मिटायचा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. घाटमाथ्यावर त्या हिशेबात डोंगराच्या सोंडा आणि धरणाचं पाणी मध्ये येतं. दुपार कलली की कोकणातली तापलेली हवा ताम्हिणीच्या बाजूनं वर चढते, आणि धरणाच्या उघड्या पाण्यावर आली की तिला अडवायला एक झाड नसतं. दिवस बुडताना ती एकदम पडते. पान हलत नाही. नवख्या माणसाला वाटतं, झालं, आता निवांत जाळ करावा. तेवढ्यात डोंगरावरची गार हवा ओढ्याओढ्यानं खाली उतरायला लागते, तीही दुसऱ्याच दिशेनं, आणि दुपारचा वारा धरून मांडलेले दगड नेमके उलटे ठरतात.

"वारं आत्ता कुठनं येतंय ते कुत्र्यालाबी कळतं," मामा म्हणायचे. "घटकाभरानं कुठनं येणार ते बघून दगड मांड."

मामांना जाऊन काही वर्षं झाली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे. भावकीतली भांडणं आहेत, बैलांवरचा जीव आहे, हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत आमटी पातळ झाली म्हणून घातलेला गोंधळ आहे. पण आठवायला बसलं की ते दिसतात ते उकिडवे बसलेले. पाठ वाऱ्याला, खांद्यांवरून घोंगडी दोन्ही बाजूंना पसरलेली, गुडघ्यांपुढे हातभर शांत जागा आणि त्या जागेत मूठभर पाचोळा.

मुळशी, मावळ, खेड, जुन्नर इकडच्या पोरांनी मुंबईत जाऊन डबे वाहायचे ही शंभराहून जास्त वर्षांची रीत. मामांनीही तरुणपणी वाहिले. आजोबा थकले तेव्हा परत आले ते कायमचे. आंबेमोहराची थोडी खाचरं, वरकस तुकड्यावर नाचणी आणि वरई, दोन बैल, हंगाम सरला की धरणावर मासे. या सगळ्यात उघड्यावरचा जाळ ही हौस नव्हती, कामाची गोष्ट होती. भात निसवलं की रानडुकरं उतरतात. राखणीला रात्र काढायची तर माळ्याखाली जाळ हवा. भात खळ्यावर आलं की खळ्याशी जाळ. थंडीत जाळी टाकून काठावर बसायचं तर हात शेकायला जाळ. सुट्टीत मी पुण्याहून जायचो आणि कुठल्या ना कुठल्या जाळापाशी माझी रात्र जायची.

जाळ कुठं करायचा याबद्दल मात्र ते फार कडक होते. पौषापासून पुढे डोंगरावरचं गवत असं वाळतं की ठिणगी पडायचा अवकाश. म्हणून मार्गशीर्ष उलटला की त्यांचा जाळ धरणाच्या भरतीच्या रेषेखाली जायचा, वर कधी नाही. धरण पावसाळ्यात तुडुंब होतं. मग ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात भिऱ्याला जातं, उंचावरून कोसळून जनित्रं फिरवतं, आणि इकडे काठ दिवसागणिक उघडा पडत जातो. आधी चिखल, मग भेगाळलेली माती, मग गोटे. तिथं गवत नाही, पाला नाही, पेटण्यासारखं काही नाही. पाणी मागे हटेल तसा मामांचा जाळ खाली उतरत जायचा. पौषात वरच्या अंगाला, शिमग्याच्या सुमाराला मधल्या उतारावर आणि वैशाखात पार पणजोबांच्या खाचरात.

ते खाचर मामांनी कधी कसलं नव्हतं. आजोबांनाही त्यात नांगर धरायचं वय आलं नव्हतं. १९२१ च्या रामनवमीला, म्हणजे १६ एप्रिलला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आजोबा पोरसवदा होते. टाटांच्या कंपनीला मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज हवी होती, त्यासाठी मुळा अडवायची होती, आणि त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. बाया, म्हातारी माणसं, पोरं धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यानं दिलं. प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास करून त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं. १९२४ पर्यंत तो कसाबसा तगला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. आजोबांच्या आठवणीत या इतिहासातलं एकच चित्र शिल्लक होतं: आपली बैलं पाण्याच्या कडेला उभी राहून जुन्या वाटेकडे बघतायत.

मामा यावर कडवट बोलायचे नाहीत. मुंबईत चाळीच्या जिन्यातला दिवा लागला की बरोबरीच्या पोरांना ते म्हणायचे, "हा आमच्या खाचरातला उजेड बरं का, जपून वापरा." तेव्हा आमच्या वस्तीवर कंदील होते.

त्या बुडालेल्या खाचराचा दगडी बांध वैशाखात पाण्याबाहेर यायचा. गुडघाभर उंच, निम्मा गाळात. इतकी वर्षं पाण्यात राहून दगड ढळला नाही, याचा मामांना अभिमान होता, जणू तो त्यांनीच रचला होता. संध्याकाळच्या वाऱ्याला तो बांध बरोबर आडवा पडतो. त्याच्या पोटाशी जाळ मांडायचा. पण चुलीला त्यातला दगड घ्यायचा नाही. पाण्यात मुरलेला दगड तापला की फुटतो. आपला काळा कातळ बेसाल्टचा, त्यात बारीक पोकळ्या फार, आतल्या पाण्याची वाफ झाली की ढलपी थेट डोळ्याकडे येते. म्हणून मामा वरच्या रानातले, उन्हात तापून कोरडे झालेले तीन दगड पोत्यात घालून खाली आणायचे. पणजोबांच्या दगडाला पाठ टेकायची आणि जाळ दुसऱ्या दगडांत करायचा.

जाळाचं सामान संध्याकाळी शोधायला निघणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. ते दिवसभर चालता चालता गोळा व्हायचं, टोपीत, सदऱ्याच्या खिशात, काखेत. जमिनीवर पडलेली काटकी ते उचलत नसत, कितीही वाळकी दिसली तरी. जमीन तिला रोज पहाटे ओल देते. झाडावरच वाळून लटकलेली घ्यायची. वाकवली की काडकन मोडली तर आपली, लवली तर सोडून द्यायची. सगळ्यात लाडकी कारवी. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते, आणि मग उतारचे उतार वाळक्या काठ्यांनी भरून जातात. बोटाएवढी सरळ काठी, कुडाच्या भिंतीला चालते तशी जाळालाही. त्या वर्षी मामी म्हणायची, औंदा सरपणाची दिवाळी आहे.

पावसात सगळंच भिजलेलं असताना बांबू. वरून ओला, पण चिरला की पोट कोरडं. त्याची कांब कोयत्यानं कडेकडेनं तासायची, सालपट सुटत आलं की थांबायचं, तोडायचं नाही. अशी दहा-बारा सालपटं काढली की ती वळून एका टोकाला झुबका होतो. त्या झुबक्याला काडी लागली की वाऱ्याची फारशी तमा नसते. मात्र बांबूचं अख्खं पेर जाळात टाकायचं नाही. आतली हवा तापून असा बार होतो की झोपलेलं माणूस उठून बसतं. मी लहानपणी तो बार मुद्दाम ऐकायला मागायचो. तेव्हा ते एक पेर टाकायचेही.

लाकडांचे त्यांनी स्वभाव ठरवलेले होते. सावर आणि पांगारा उतावळे, लगेच धरतात आणि लगेच संपतात, त्यांच्या भरवशावर रात्र काढायची नाही. ऐन उशिरा धरतो. अंजनी त्याहून उशिरा, पण एकदा धरली की पहाटेपर्यंत निखारा सोडत नाही. जांभूळ वर्षभर वाळवलं तरी आत पाणी राखून असतं. बिब्ब्याचं लाकूड चुकूनही नको, त्याच्या धुरानं तोंड सुजतं. वड, पिंपळ, उंबर यांना हात लावायचा नाही. याला कारण ते देत नसत आणि मीही विचारत नसे.

मग मांडणी. वाऱ्यात ढीग उंच रचला की वारा त्याच्या पोटात शिरतो. मामा वीतभर खोल चर काढायचे आणि वाऱ्याकडच्या तोंडाशी मनगटाएवढं एक लाकूड आडवं टाकायचे. त्या लाकडावर पलीकडून काटक्या तिरप्या टेकवायच्या, आधी उदबत्तीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या. त्यांच्या पोटात पाचोळा, तासलेला बांबू, सुकलेल्या गवताची गुंडाळी. काडी लावायची ती आडव्या लाकडाच्या बुडाशी, म्हणजे वारा तो जाळ ढकलत आपसूक काटक्यांत नेतो. लाकूड जळतं म्हणजे खरं तर त्यातून निघालेला वायू जळतो, आणि तो निघायला लाकूड तीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं. वारा प्राणवायू आणून देतो आणि त्याच हातानं ती ऊब उडवूनही नेतो. जाळ कोवळा असेपर्यंत दुसरी गोष्ट भारी पडते, निखारे धरले की पहिली. मामांना अंश ठाऊक नव्हते. पाचोळ्यावर तळहात धरून ते सांगायचे, अजून न्हाय.

आगीला वाऱ्यासमोर चालवायचं शिक्षण त्यांना राबानं दिलं असावं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, झाडांचा कवळ, पाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर मातीचा पातळ हात फिरवायचा आणि पावसाआधी ते भाजून काढायचं. राब वाऱ्याच्या बाजूनं पेटवला तर जाळ वरच्या वर पळून जातो, खालची माती कच्ची राहते आणि तणाचं बी शाबूत. म्हणून काडी पलीकडच्या टोकाला लावायची. मग आग वाऱ्याला तोंड देत बोटाबोटानं मागे सरकते आणि माती नीट भाजते. लहानपणी मला ती आग भित्री वाटायची. पुढं जायचं सोडून मागं मागं काय येते?

हे सगळं मी आज कुणालाही शिकवू शकतो. काडीचंही. गूल खाली झुकवायचा, दोन्ही तळव्यांची ओंजळ करायची, गुलाचा भडका विझून काडीचं लाकूड धरेपर्यंत हात हलवायचा नाही. पूर्वीच्या काड्या सावरीच्या लाकडाच्या असायच्या, त्या हे सोसायच्या. आताच्या मेणकाड्या बोटांत वाकतात. पण वाऱ्यातला जाळ हे एका माणसाचं काम नाही, आणि हे मला मामा असेपर्यंत कळायचं काही कारणच नव्हतं.

कारण काडी नेहमी माझ्या हातात असायची. मामा वाऱ्याच्या अंगाला बसायचे, घोंगडी पसरून, भिंत होऊन. लहान पोराला शिकवायचं म्हणून सुरुवात झाली असेल. पुढे माझे केस पांढरे व्हायला लागले तरी बसायची जागा बदलली नाही. मी गुडघे टेकून, डोकं त्यांच्या छातीशी नेऊन काडी ओढायचो. घोंगडीला मेंढराचा आणि मिसरीचा वास. बाहेर वारा घोंगडीवर थडथड आपटायचा आणि आत माझ्या हातांशी हवा हलत नसे. वारा सारखा वाहत नाही, झोतानं येतो, आणि दोन झोतांच्या मध्ये थोडी फट असते. ती फट त्यांना पाठीवर कळायची. ते म्हणायचे, "थांब." मग, "थांब." आणि मग हलकेच, "आता."

मी काडी ओढायचो. पेटायचं.

पेटल्यावरही ते जागा सोडत नसत. वाऱ्याच्या अंगाला धूर येत नाही हे खरं, पण पाठ गारठते. पाहुण्याला, पोरांना उबेची जागा. मामी ओरडायची, "पाठ धरंल, सरा हिकडं." ते सरायचे नाहीत. पुढे पाठ धरलीच.

आजोबांची चकमक घरात होती. कानशीचा मोडका तुकडा, डोंगरातली गारगोटी आणि बांबूच्या नळीत भेरली माडाच्या देठाच्या बुडाशी मिळणारी तपकिरी लव. सावरीचा कापूसही चालतो, पण नुसता नाही. तो आधी करपवून ठेवावा लागतो, नाहीतर ठिणगी धरत नाही आणि धरलीच तर भसकन उडून जातो. मामा कधीतरी पोरांना दाखवायला ती काढायचे. वाऱ्यात ही चकमक आगपेटीपेक्षा सरस आहे हे मला फार उशिरा पटलं. लवेवर ठिणगी पडली की जाळ होत नाही, एक लाल ठिपका धुमसत राहतो, आणि वारा लागला की तो विझायच्या ऐवजी पसरतो. "काडीला जाळ असतो म्हणून ती विझती," मामा म्हणाले होते. "हिला जाळच न्हाय, वारं इझवणार काय?" धनगरवाड्यावरची जुनी माणसं भर वाऱ्यात चिलीम पेटवायची ती याच जोरावर. यज्ञातला अग्नीही घर्षणातून काढतात, पण तिथं मंडप असतो. उघड्या माळावर ही चकमक.

आमच्या आधीच्या पिढीत तर आग रोज नव्यानं करायचीच नाही, ती राखायची. रात्री निखाऱ्यावर शेणी ठेवून राखेनं झाकायचं, सकाळी फुंकर घातली की विस्तव हजर. कुणाचा विझलाच तर शेजारी इस्तू मागायला जायचं, शेणीच्या तुकड्यावर घेऊन, पदराचा आडोसा करून. आईनं हे केलेलं आहे. दोन घरांच्या मध्ये वारा असायचाच.

आता धरणाच्या काठानं तंबू लागलेत. शनिवारी रात्री पलीकडच्या काठाला ओळीनं शेकोट्या दिसतात, गाणी ऐकू येतात. माझा मामेभाऊही काही तंबू लावतो आणि त्यावर त्याची पोरं शिकली, त्यामुळे मी नाक मुरडत नाही. पण डिझेल ओतून ओली लाकडं पेटवणं आणि उरलेल्या आगीवर प्लॅस्टिकच्या ताटल्या टाकणं, हे बघवत नाही. त्याहून वाईट म्हणजे गवतात केलेला जाळ. ताम्हिणीचं रान २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथं शेकरू आहे. माघ-फाल्गुनात रानात काडी ओढणाऱ्याला कायदा काय म्हणतो ते राहू द्या. त्यानं एकदा ओल्या डहाळ्या घेऊन वणव्यामागं रात्रभर पळावं. मामा त्यांच्या साठीतही पळालेले आहेत. भुवया जळून आले आणि सकाळी भाकरी खाता खाता, कुणी लावला असेल त्याच्या सात पिढ्या मोजल्या.

मामेभावानं गॅसची बंदूक आणली तेव्हा मला वाटलं, मामा चिडतील. वाऱ्यात, उंच रचलेल्या ढिगाला, बघता बघता आग. मामांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, दोनदा चालवली आणि खूश झाले. त्या वर्षीच्या जत्रेत बोकडाची मुंडी आणि पाय त्यांनी तिच्यानंच भाजले. पुढे दरवर्षी. "केस एक ऱ्हात न्हाय," ते मला पटवून सांगत होते. मला अभिप्रेत असलेलं दुःख त्यांना झालंच नाही.

ते आषाढात गेले. ताम्हिणीचा पाऊस काय चीज आहे हे २०२४ च्या २५ जुलैला सगळ्यांना कळलं, चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर. मामांच्या दिवशी तेवढा नव्हता, पण चार दिवस उघाड नव्हती आणि वारा असा की छत्र्या उलट्या होत होत्या. मी पुण्याहून पोचलो तेव्हा ओसरीवर त्यांना ठेवलेलं होतं आणि भावकीतली माणसं पडवीतलं लाकूड काढायला लागली होती. पडवीत छपरापर्यंत रचलेल्या रांगा. प्रत्येक उन्हाळ्यात मामा तोडलेलं, वाऱ्यानं पडलेलं, कुणी नको म्हटलेलं लाकूड आणून तिथं लावायचे, जुनं पुढे आणि नवं मागे.

मामी आत बायकांच्या गराड्यात बसली होती. लाकडाचा आवाज ऐकून ती उठली, दारात आली. रडून आवाज बसलेला. म्हणाली, "ऐनाची घ्या. त्या कोपऱ्यातली. जांभळीला हात लावू नका, वली हाय, तिला त्यांनी ह्याच सालात आणलीया." आणि परत जाऊन बसली.

घरात गॅस येऊन बरीच वर्षं झालेली. मडक्यात घ्यायला विस्तव मिळाला तो न्हाणीच्या चुलीत, कारण अंघोळीचं पाणी मामी अजून लाकडावरच तापवायची. मामेभाऊ पुढं मडकं घेऊन चालला आणि एक जण त्या मडक्यावर इरलं धरून. गावची स्मशानभूमी पाण्याच्या कडेला आहे. वर पत्रा आहे, पण चारी बाजू मोकळ्या, त्यामुळे पाऊस आडवा आत येतो. सरण रचून झालं. कुणीतरी डिझेलचा कॅन आणला होता, तोही ओतला. अशा दिवशी सगळेच ओततात.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. माणसं सरकत सरकत वाऱ्याच्या अंगाला गेली आणि खांद्याला खांदा लावून उभी राहिली, कुणाच्या हातात इरलं, कुणाकडे ताडपत्रीचं टोक, कुणी नुसतंच. मीही त्यात होतो. पाठीवर पाऊस लागत होता. भावकीतल्या एकानं कारवीची चूड त्या विस्तवावर धरून पेटवली आणि मामेभावाच्या हातात दिली. तो चूड घेऊन वाकला आणि तसाच राहिला. वाऱ्याचा झोत आला, गेला. दुसरा आला. तो वाकलेलाच. मला ठाऊक होतं तो कशासाठी थांबलाय. त्यानंही सगळे जाळ त्याच घोंगडीच्या आडोशाला पेटवलेले होते.

धनगरवाड्यावरचा एक म्हातारा रांगेत होता. तो शेवटी म्हणाला, "लाव की रं. कुणाची वाट बघतोस?"

त्यानं लावली. डिझेल भडकलं, विझल्यासारखं झालं, आणि मग ऐनानं धरलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि धरणात सोडली. पाणी गढूळ होतं, वाढत होतं. मामेभाऊ रिकामं घमेलं धुता धुता म्हणाला, "आबा परत मुंबईला निघाले." आम्ही दोघं हसलो आणि मग त्याला बसावं लागलं.

त्या थंडीत मी एकटाच काठावर जाऊन बसलो होतो. पाणी थोडंच उतरलेलं, बांध अजून खोल पाण्याखाली. कारवी होती, तासलेला बांबू होता, चर काढला, आडवं लाकूड टाकलं. सगळं जसं हवं तसं. पण वाऱ्याला पाठ करून बसलं की हात काडीपर्यंत नीट पोचत नाहीत, आणि काडीशी वाकलं की पाठ वाऱ्यातून हटते. मी दोन काठ्या रोवून त्यावर घोंगडी टाकली. ती फडफडली आणि झोत आला तशी जाळावर आली. काठ्यांना वारा कळत नाही, त्या मागेपुढे होत नाहीत. झोताच्या मधली फट मी पाठीवर शोधत होतो आणि मला सगळा वारा एकच लागत होता.

वरून मामेभावानं हाक मारली, बंदूक पाठवू का. मी नको म्हटलं आणि मग हो म्हटलं. त्याची मुलगी ती घेऊन धावत खाली आली, आल्या आल्या माझ्या समोर बसली, धुराच्या बाजूला, आणि डोळे चोळायला लागली. तिला मी पलीकडे बसवलं. जाळ झाला. तिनं त्यात भाजायला रताळी आणलेली होती.

मामी परसात न्हाणीच्या चुलीशी होती. मी रात्री वर आलो तेव्हा तिनं मला पडवीतून लाकडं आणायला सांगितली. मी बॅटरी घेऊन गेलो. ऐनाचा कोपरा निम्मा रिकामा झाला होता, त्याच्यामागे रांगा तशाच, मामांनी लावलेल्या. एक रांग काढताना वरची दोन लाकडं घसरली आणि आतून धामण सळसळत निघून गेली. मी परत येऊन सांगितलं, तर मामी म्हणाली, "असू दे, उंदरं खाती."

मग चुलीत फुंकर घालत तिनं विचारलं, कुठली आणलीस. मी ऐनाची म्हटलं.

"ऐन पुरवून वापरू. आजून दोन पावसाळं जातील," ती म्हणाली. "ती जांभळीची काढ आता. वाळली असंल ती."